डोक्याला मार लागलेला रुग्ण: प्रतवारी, सीटी कधी काढायचा आणि कसा वाचायचा

मराठवाड्यात डोक्याला मार लागलेला माणूस थेट न्यूरोसर्जनपर्यंत क्वचितच पोचतो. दुचाकी घसरलेली असो, रात्री मागचे दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळलेली असो, की माणूस माळवदावरून नाहीतर चिंचेच्या झाडावरून पडलेला असो, तो आधी ग्रामीण रुग्णालयात येतो. तिथून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय, आणि मग मोठं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय: संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूर किंवा अंबाजोगाई. वाटेत तीन-चार जण त्याला तपासतात. पहिल्याने नुसतं ‘बेशुद्ध’ लिहिलं, दुसऱ्याने ‘जीसीएस १०’ (ग्लासगो कोमा स्केल, शुद्ध मोजायची पट्टी) लिहिलं आणि तिसऱ्याला ७ दिसला, तर रुग्ण वाटेत खालावला की पहिल्यापासून तसाच होता, हे कुणालाच सांगता येत नाही. ऑपरेशन आत्ता करायचं की थांबायचं, हे मात्र नेमकं त्यावरच ठरतं.

हे लिखाण कॅज्युअल्टीतले वैद्यकीय अधिकारी, इंटर्न, परिचारिका आणि सीटीचे तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. आग्रह एकच: प्रत्येक आकड्याशेजारी घड्याळातली वेळ लिहा.

आकड्याआधी

श्वासनलिका मोकळी आहे का, ऑक्सिजन किती, रक्तदाब किती, साखर किती, हे आधी. साखर ४० असलेला माणूस मेंदूला मार लागल्यासारखाच दिसतो. ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली गेला किंवा रक्तदाब पडला की जखमी मेंदूचं दुसऱ्यांदा नुकसान होतं, आणि हे नुकसान आपल्याला टाळता येण्यासारखं असतं. वरचा रक्तदाब १५ ते ४९ वयात आणि सत्तरीनंतर ११० च्या वर ठेवा, ५० ते ६९ वयात १०० च्या वर. मोठ्या माणसाचा रक्तदाब पडलेला असेल तर डोक्यावर खापर फोडू नका. पोट, छाती, कंबरेचं हाड, मांडी तपासा. रक्त तिकडे कुठेतरी जातंय.

मान कॉलरमध्ये किंवा दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून स्थिर ठेवा. कवटीच्या तळाला फ्रॅक्चरची शंका असेल तर राईल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) नाकातून घालायची नाही, तोंडातून घालायची.

हे सगळं सावरल्यावर जो जीसीएस मिळतो तोच प्रतवारीसाठी धरायचा. आधीचाही लिहून ठेवा, पण वेगळा.

जीसीएस: बेरीज नंतर, तीन भाग आधी

ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली ही पट्टी मांडली. डोळे (ई) ४, बोलणं (व्ही) ५, हालचाल (एम) ६. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. पण ‘जीसीएस ९’ लिहिणं म्हणजे अर्धी माहिती फेकून देणं. ई२ व्ही२ एम५ आणि ई४ व्ही१ एम४, दोन्हींची बेरीज ९ येते. रुग्ण मात्र अगदी वेगळे असतात.

डोळे. आपोआप उघडे असले तर ४. “काका, डोळे उघडा” म्हटल्यावर उघडले तर ३. दाब दिल्यावर उघडले तर २. नाहीच उघडले तर १. सुजून मिटलेल्या डोळ्याला १ देऊ नका, ‘तपासता येत नाही’ असं लिहा.

बोलणं. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या आपल्या भागातल्या खास आहेत. नाव, गाव, आत्ता कुठं आहात, महिना कोणता, हे विचारायचं. शेतकरी आजोबा ऑगस्टऐवजी “श्रावण लागलाय” म्हणाले तर उत्तर बरोबर आहे, पूर्ण ५ द्या. तांड्यावरच्या आजीला गोरमाटीच कळत असेल किंवा घरात दखनी बोलत असतील, तर नातेवाइकाला शेजारी उभं करून त्याच्याकडून प्रश्न विचारून घ्या. भाषा न कळल्यामुळे गेलेला एक गुण पुढे ‘गोंधळलेला रुग्ण’ बनून फिरत राहतो. वाक्यं बोलतो पण असंबद्ध, तर ४. “पाणी”, “आई” असे सुटे पण स्पष्ट शब्द, तर ३. नुसतं कण्हणं, तर २. नळी घातलेली असेल तर व्ही च्या जागी ‘टी’ लिहा आणि बेरीज करू नका.

हालचाल. सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. “जीभ बाहेर काढा”, “हात वर करा, आता खाली ठेवा” हे ऐकलं तर ६. नुसतं “माझा हात दाबा” यावर विसंबू नका, कारण हातात बोट दिलं की बेशुद्ध माणूसही मूठ वळवू शकतो. ऐकत नसेल तर दाब द्यायचा: आधी नखावर पेनाने, मग मानेच्या बुडाशी खांद्याचा स्नायू चिमटीत धरून, मग भुवईच्या आतल्या खाचेत. दाब हळूहळू वाढवत १० सेकंदांपर्यंत. चेहऱ्याची हाडं मोडली असतील तर भुवईचा दाब टाळा. छातीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी घासण्याची सवय सोडा. कातडी काळीनिळी होते आणि मिळणारा प्रतिसाद नीट वाचता येत नाही.

हात गळपट्टीच्या हाडाच्या वर, दाब देणाऱ्या हाताकडे आला तर ५. कोपर चटकन वाकवून हात दूर ओढला तर ४. हात सावकाश वाकून छातीवर आला आणि मनगट आत वळलं तर ३. कोपर ताठ झालं तर २. काहीच नाही तर १. दोन बाजूंना वेगळं दिसलं तर जीसीएसमध्ये चांगल्या बाजूचा गुण धरायचा, पण कमजोर बाजू स्वतंत्र लिहायची. गुठळी कोणत्या बाजूला आहे याची पहिली खूण बहुधा तिथेच मिळते.

दारूचा वास येतोय म्हणून जीसीएसला सूट देऊ नका. दारू प्यायलेला माणूस जास्त जोरात पडतो, आणि त्याच्या डोक्यातली गुठळी वासाआड लपते.

बाहुल्या

दोन्ही डोळ्यांत टॉर्च मारून आकार मिमीमध्ये लिहा आणि आकुंचन होतं का तेही लिहा. ‘पीईआरएल’चा (बाहुल्या सारख्या, प्रकाशाला हलतात) शिक्का मारून पुढे जाऊ नका. दोन्ही बाहुल्यांत १ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तो वेगळा नोंदवा. एक बाहुली मोठी आणि प्रकाशाला न हलणारी झाली, आणि सोबत शुद्ध हरपत असेल, तर त्या बाजूला मेंदू खाली सरकतोय असंच समजून धावायचं. पूर्ण शुद्धीत असलेल्या रुग्णाची एकच बाहुली मोठी असेल तर डोळ्यालाच लागलेलं असण्याची शक्यता अधिक.

फवारणीच्या दिवसांत एक गोष्ट लक्षात ठेवा. बेशुद्ध रुग्णाच्या दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर कीटकनाशकाची विषबाधा होऊन तो पडला का, हे विचारा. आणि कुणी आधीच विषावरचा उतारा म्हणून अॅट्रोपिन दिलं असेल तर बाहुल्या मोठ्याच दिसणार. इंजेक्शनची वेळ रेफर चिठ्ठीवर नसेल तर पुढच्या डॉक्टरची सपशेल फसगत होते.

२०१८ पासून जीसीएस-पी असाही आकडा वापरात आहे: जीसीएसमधून न हलणाऱ्या बाहुल्यांची संख्या वजा करायची. जीसीएस ६ आणि एक बाहुली स्थिर म्हणजे ५. सोपा आहे, वापरा.

सौम्य, मध्यम, तीव्र

१३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ३ ते ८ तीव्र. ८ किंवा खाली असेल तर श्वासनलिका सांभाळायला नळीची गरज आहे असं धरूनच चला.

‘सौम्य’ या शब्दाने फार घात केला आहे. १३ चा रुग्ण आणि १५ चा रुग्ण एकाच टोपलीत टाकण्यासारखे नाहीत. १३ वाल्याच्या सीटीत काही सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते, त्याला मध्यमसारखंच वागवा. या त्रुटीमुळेच २०२५ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त नवी चौकट मांडली गेली. तिच्यात चार गोष्टी एकत्र पाहतात: जीसीएसचे तिन्ही भाग आणि बाहुल्या, रक्तातली जीएफएपीसारखी प्रथिनं, सीटी-एमआरआयचं चित्र, आणि वय, जुने आजार, रक्त पातळ करणारी औषधं, घरची परिस्थिती अशा निकालावर परिणाम करणाऱ्या बाबी. रक्ताची तपासणी तालुक्याला हाताशी नसते, पण उरलेल्या तीन गोष्टी कागद-पेनावर होतात.

सीटी कुणाचा

जीसीएस १२ किंवा खाली असेल तर वाद नाही. सौम्य गटात पुढच्यापैकी एकही गोष्ट असली तरी सीटी तासाभरात हवा: मार लागून दोन तास झाले तरी जीसीएस १५ वर आला नाही, कवटी आत दबल्याची किंवा उघड्या फ्रॅक्चरची शंका, तळाच्या फ्रॅक्चरची खूण, म्हणजे दोन्ही डोळ्यांभोवती काळं, कानामागे निळसर डाग, कानाच्या पडद्यामागे रक्त, नाकातून-कानातून पाणी, आकडी, हातापायात कमजोरी, एकापेक्षा जास्त उलट्या. डोळ्यांभोवतीचा आणि कानामागचा डाग उमटायला काही तास, कधी दिवसही लागतो. म्हणून पहिल्या तपासणीत तो नसल्याने काही सिद्ध होत नाही.

शुद्ध हरपली होती किंवा मधलं काही आठवत नाही, आणि वय ६५ किंवा अधिक आहे, तर जीसीएस १५ असला तरी सीटी काढा. मार लागण्याच्या आधीचा अर्धा तास किंवा अधिक आठवत नसेल, चालत जाणाऱ्याला वाहनाने उडवलं असेल, गाडीतून बाहेर फेकला गेला असेल, किंवा तीन फुटांपेक्षा वा पाच पायऱ्यांपेक्षा उंचावरून पडला असेल, तर तेच. वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर तक्रार नसली तरी काढलेला बरा. औषधाचं नाव आठवत नसतं. घरून पिशवीच मागवून घ्या.

लहान मुलांना हे नियम लावू नका. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर आईला विचारा, “नेहमीसारखं वागतंय का?” तिचं ‘नाही’ हे उत्तर गंभीरपणे घ्यायचं. डोक्याच्या कातडीखाली बाजूला किंवा मागे मऊ सूज, ५ सेकंद किंवा जास्त शुद्ध हरपणं, तीन फुटांवरून पडणं, यांपैकी एखादीच गोष्ट असेल तर काही तास नजरेखाली ठेवणंही चालतं. एकाहून जास्त असतील, लक्षणं वाढत असतील किंवा बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर सीटीकडे झुका. बाळ सुस्त आहे किंवा हाताला कवटीची फट लागतेय, तर लगेच. दोन वर्षांवरच्या मुलांत उंचीची मर्यादा पाच फूट धरतात, आणि उलटी, शुद्ध हरपणं व तीव्र डोकेदुखी पाहतात.

कवटीचा एक्स-रे यात वेळ घालवतो. एक्स-रे चांगला असूनही आत गुठळी असू शकते.

आता प्रवासाचा प्रश्न. किनवट-माहूरहून नांदेड किंवा आष्टी-पाटोद्याहून बीड गाठायला वेळ लागतो. जीसीएस ८ किंवा खाली, किंवा एक बाहुली मोठी झालेली, अशा रुग्णाला ‘वाटेत सीटी काढून घ्या’ म्हणून न्यूरोसर्जन नसलेल्या सेंटरवर थांबवू नका. १०८ ला सांगून सीटी आणि ऑपरेशन दोन्ही जिथे आहे तिथेच पाठवा, आधी फोन करून. मार लागून तीन तास झालेले नसतील आणि जीसीएस १२ किंवा कमी असेल, तर रक्तस्त्राव रोखणारं ट्रॅनेक्सामिक अॅसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत देऊन, पुढचा १ ग्रॅम आठ तासांच्या सलाइनमध्ये लावून रवाना करा. डेक्सामेथासोन देऊ नका. २००४ च्या क्रॅश चाचणीत डोक्याच्या मारावर स्टेरॉइड दिल्याने मृत्यू वाढलेले दिसले, तरी ही सवय अजून सुटत नाही.

सीटी काढताना

कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, जे सीटीत पांढरं दिसतं) नको. त्याने पांढरं दिसणारं रक्त आणि पांढरा दिसणारा कॉन्ट्रास्ट यांचा घोळ होतो. डोक्याचा रुमाल-पटका, केसातल्या पिना, कानातले, नथ काढा. जखमेत भरलेली हळद, खडी-माती शक्य तेवढी धुवा.

स्कॅन कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राच्या (फोरेमन मॅग्नम) खालपासून डोक्याच्या अगदी माथ्यापर्यंत घ्या. घाईत माथ्याचे शेवटचे काप सुटतात आणि तिथली गुठळी राहून जाते. डोकं सरळ हवं. थोडं जरी कललं तरी दोन बाजू असमान दिसतात आणि नसलेली सूज दिसू लागते. वाचायला ५ मिमीचे काप चालतील, पण हाडासाठी १ मिमीच्या आसपासचे पातळ काप आणि त्यातून कोरोनल (समोरून) व सॅजिटल (बाजूने) प्रतिमा बनवाच. जीसीएस १२ किंवा खाली असेल, किंवा नळी घातलेली असेल, तर त्याच वेळी मानेचाही सीटी.

रुग्ण हलत असेल तर आधी का हलतोय ते पाहा. ऑक्सिजन कमी असणं, लघवी तुंबणं, मोडलेला पाय दुखणं ही साधी कारणं असतात. ती न पाहता झोपेचं इंजेक्शन दिलं तर पुढचे काही तास जीसीएस वाचता येणार नाही. तान्ह्या बाळाला दूध पाजून, गुंडाळून बरेचदा औषधाशिवाय स्कॅन होतो.

तीन विंडो, म्हणजे पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या छटांच्या मांडण्या, लागतात. मेंदूसाठी रुंदी ८०, पातळी ४०. कवटीला चिकटलेल्या पातळ रक्तासाठी रुंदी २०० च्या आसपास, पातळी ७० च्या आसपास. ही विंडो न लावल्याने पांढऱ्या कवटीशेजारचं पांढरं रक्त हाडातच मिसळून जातं. हाडासाठी रुंदी २५०० च्या पुढे, पातळी ५०० च्या आसपास.

वाचण्याचा क्रम

क्रम रोज तोच ठेवा, म्हणजे पहिली मोठी गुठळी दिसल्यावर दुसरी लहान सुटत नाही. बाहेरून आत या: डोक्याच्या कातडीची सूज, कवटी, कवटीखालचं रक्त, मेंदूच्या खाचा, मेंदूचं द्रव्य, पोकळ्या (व्हेंट्रिकल), मध्यरेषा, आणि शेवटी सिस्टर्न, म्हणजे मेंदूच्या तळाभोवतीच्या पाण्याच्या जागा. कातडीची सूज कुठे मार बसला ते सांगते. त्याच्या बरोबर समोरच्या बाजूलाही पाहा, मेंदू तिकडे आपटलेला असतो.

कवटी आणि ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) यांच्यामधलं रक्त, म्हणजे ईडीएच, भिंगासारखं दोन्हीकडून फुगीर दिसतं आणि सहसा कवटीच्या शिवणीशी थांबतं. बहुतेक वेळा कानशिलाजवळचं हाड मोडून त्याखालची मधली मेनिंजियल धमनी फाटलेली असते. पांढऱ्या गुठळीत करडे पट्टे दिसले तर रक्तस्त्राव अजून चालू आहे असं समजा. मधल्या काळात रुग्ण ठीक बोलतो, चहा मागतो आणि मग कोसळतो, तो हाच.

ड्युराखालचं रक्त, एसडीएच, चंद्रकोरीसारखं पसरतं. शिवणी ओलांडतं, पण मधला पडदा ओलांडत नाही. ताजं पांढरं, साधारण तीन दिवस ते तीन आठवडे मेंदूच्याच रंगाचं, नंतर काळसर. इथे आपल्या भागासाठी मोठा धोका आहे. रक्ताचा पांढरेपणा हिमोग्लोबिनमुळे असतो. ऊसतोड करणारी, हिमोग्लोबिन ७-८ असलेली बाई आली तर तिचं ताजं एसडीएचही मेंदूच्या रंगाचं दिसू शकतं. अशा वेळी रक्त शोधत बसू नका. एका बाजूच्या खाचा कवटीपर्यंत पोचत नाहीत, करड्या-पांढऱ्या भागांची सीमा आत ढकलली गेली आहे, हे शोधा. सीटी मागण्याच्या कागदावर हिमोग्लोबिन लिहिलेलं असावं.

खरचटलेला मेंदू बहुतेकदा कपाळामागे तळाला आणि कानशिलाच्या टोकाला सापडतो, कारण तिथली हाडं खडबडीत असतात. पहिल्या सीटीत मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे दिसणारे ठिपके एक-दोन दिवसांत गुठळीएवढे होऊ शकतात.

प्रत्येक पांढरा ठिपका रक्त नसतो. न्यूरोसिस्टिसरकोसिसच्या (मेंदूत गेलेल्या जंताच्या) जुन्या चुनखडी झालेल्या गाठी आपल्याकडे नेहमी दिसतात. एचयू (सीटीवर घनता मोजायचं एकक) मोजा: ताजं रक्त ५० ते ८० च्या दरम्यान, चुना १०० च्या पुढे. अशी गाठ दिसली तर आकडी येऊन माणूस गाडीवरून पडला का, हेही विचारा. कवटीच्या आत काळे, हवेचे बुडबुडे दिसले तर तळाचं फ्रॅक्चर हाडाच्या विंडोत सापडेपर्यंत शोधा.

मोजमाप

समजा, दुचाकीवरून पडलेल्या तरुणाच्या सीटीत उजवीकडे ईडीएच आहे. सगळ्यात मोठा दिसतो त्या कापावर लांबी ७ सेंमी, तिला काटकोनात जाडी ३ सेंमी, आणि ५ मिमीच्या ८ कापांत तो दिसतो, म्हणजे उंची ४ सेंमी. तिन्हींचा गुणाकार करून निम्मा करा: ४२ मिलि. टोकाकडच्या ज्या कापांत गुठळी सर्वात मोठ्या कापाच्या पाव भागाहून लहान आहे ते मोजू नका. पाव ते पाऊण असेल तर अर्धा काप धरा.

मध्यरेषेसाठी दोन बाजूंच्या पोकळ्यांमधला पातळ पडदा दिसेल तो काप घ्या. कवटीची आतून रुंदी १३.२ सेंमी, निम्मी ६.६. डाव्या कवटीपासून पडद्यापर्यंत ५.९. म्हणजे पडदा ७ मिमी डावीकडे सरकला.

मोठ्या माणसात ईडीएच ३० मिलिच्या वर गेला की जीसीएस कितीही असो, ऑपरेशनचा सल्ला आहे. ३० च्या आत, जाडी १५ मिमीच्या आत, सरकणं ५ मिमीच्या आत, जीसीएस ८ च्या वर आणि कमजोरी नाही, हे सगळं एकत्र असेल तरच थांबून पाहता येतं, तेही न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी. ताज्या एसडीएचमध्ये जाडी १० मिमीच्या वर किंवा सरकणं ५ मिमीच्या वर, हा उंबरठा. लहान मेंदूच्या बाजूला आकड्यांची वाट पाहायची नाही. जागा इतकी कमी असते की चौथी पोकळी दबलेली दिसली की तेवढं पुरे.

सीटीवरून इजेची प्रतवारी करणारं मार्शल वर्गीकरण १९९१ चं. एक: काहीच नाही. दोन: सिस्टर्न उघडे, सरकणं ५ मिमीपर्यंत. तीन: सिस्टर्न दबलेले किंवा मिटलेले. चार: सरकणं ५ मिमीच्या वर. या चारांत २५ मिलिपेक्षा मोठी गुठळी नसते. पाच: ऑपरेशनने काढलेली गुठळी. सहा: न काढलेली, २५ मिलिच्या वर. आपला तरुण आत्ता सहामध्ये. पण मार्शलमध्ये ईडीएच आणि एसडीएच सारखेच मोजले जातात, आणि वेळेवर काढलेल्या ईडीएचचा रुग्ण कितीतरी चांगला सावरतो. २००५ चा रॉटरडॅम गुणांक हे सुधारतो: सिस्टर्न दबलेले १, मिटलेले २, सरकणं ५ मिमीच्या वर १, ईडीएच नसेल तर १, पोकळीत किंवा खाचांत रक्त असेल तर १, आणि शेवटी आणखी १ मिळवायचा. तरुणाचे सिस्टर्न दबलेले आहेत, पोकळीत-खाचांत रक्त नाही, म्हणून १+१+०+०+१, म्हणजे ३. सहा हा सगळ्यात वाईट. नातेवाइकांना हा गुणांक टक्केवारी करून सांगू नका. तो गटासाठी बनवला आहे, एका माणसासाठी नाही.

सीटी ठीक, रुग्ण बेशुद्ध

ऑक्सिजन, साखर, सोडियम, विष, लपलेली आकडी पाहून झाल्यावर मेंदूच्या तंतूंना ताण बसून झालेली इजा, डीएआय, डोळ्यासमोर आणा. गाडी वेगात असताना डोकं गरकन फिरलं की हे होतं, आणि सीटी बहुधा साफ असतो. एमआरआय रुग्ण स्थिर झाल्यावर काढा आणि कागदावर ‘एसडब्ल्यूआय आणि डिफ्यूजन हवं’ असं स्पष्ट लिहा. नुसत्या ठरीव एमआरआयमध्ये बारीक रक्तठिपके सुटतात. ठिपके करड्या-पांढऱ्या सीमेवरच असतील तर पहिला टप्पा, कॉर्पस कॅलोसममध्ये (मेंदूचे दोन अर्ध जोडणारा पट्टा) असतील तर दुसरा, मेंदूच्या देठात असतील तर तिसरा.

पुन्हा सीटी, आणि सोबतचा कागद

जीसीएस १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाने तपासा. त्यानंतर दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास तासाला, मग दोन तासांनी. बेरीज दोनने घसरली, हालचालीचा एक गुण जरी गेला, नवी उलटी, वाढती डोकेदुखी किंवा बाहुलीत बदल दिसला की पुन्हा सीटी. मार लागल्यावर पहिल्या तासाभरातच सीटी काढला असेल तर त्याच्यावर फार विश्वास टाकू नका. त्यात रक्त असेल तर सहा तासांच्या सुमारास दुसरा काढा.

न्यूरोसर्जनला व्हॉट्सअॅपवर फिल्मचा एक फोटो पाठवून मत मागणं धोक्याचं आहे. फोटोत नेमका तो एक काप येतो जो पाठवणाऱ्याला कळला होता. त्याऐवजी मॉनिटरवर खालून वर हळू सरकवत प्रत्येक विंडोचा व्हिडिओ घ्या, स्कॅनची वेळ दिसू द्या, आणि रुग्णाबरोबर सीडी पाठवा. चिठ्ठीवर मार लागल्याची वेळ, ई-व्ही-एम आणि बाहुल्या वेळेसह, रक्तदाब, दिलेली औषधं, हिमोग्लोबिन आणि सोबतच्या माणसाचा मोबाइल.

घरी सोडताना तोंडी सांगू नका, मराठीत लिहून द्या: उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपेतून उठवता न येणं, आकडी, नाका-कानातून पाणी, यांतलं काहीही झालं तर रात्री दोन वाजता असलं तरी परत या. साठीच्या पुढचा रुग्ण असेल तर खाली आणखी एक ओळ घाला: पुढच्या दोन महिन्यांत आजोबा पाय ओढायला लागले, विसरायला लागले, धोतरात लघवी व्हायला लागली, तर ‘वय झालं’ म्हणून बसू नका, आजचीच सीडी घेऊन परत दाखवा.